‘एनी डाउट्स?’... आणि सगळे चिडीचूप!

मित्रहो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण शाळेत होतो. तेव्हा लागलेली सवय अजून सुटत नाही. परीक्षेआधीची जादा लेक्चर्स ऑनलाइन असली की कॅमेरा बंद, माइक म्यूट आणि हजेरीपुरतं ‘येस सर’!

पण गप्प बसलेले सगळेच झोपलेले नसतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून चुकीचं उत्तरसुद्धा बिनधास्त इंग्रजीत ठोकते. माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतली. थर्मोची गणितं रात्री तीच मला समजावते, पण लेक्चरला तोंड उघडत नाही. इंग्रजी चुकलं तर हसतील ना!

म्हणून सर-मॅडमना विनंती : कॅमेऱ्याची सक्ती नको, हॉस्टेलच्या नेटला ती झेपत नाही. ‘समजलं का?’ विचारण्याऐवजी एक छोटंसं गणित द्या. दोन मिनिटं थांबा, टाइप करायला वेळ लागतो. उत्तर चॅटवर मागवा, मराठीतही चालेल म्हणा. एआयसीटीईने २०२१ मध्ये इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला परवानगी दिली, मग शंकेनेच काय घोडं मारलंय?

आणि आपण काय करायचं? कुणी अडखळलं तर हसायचं नाही, बस्स! तेवढं जमलं तरी निम्मे माइक आपोआप सुरू होतील.