पीयूसीआधी बॉनेट उघडा

डिसेंबरातली गोष्ट. लाखनीकडचे एक गुरुजी आपली १९९७ची मारुती ८०० घेऊन सकाळीच गॅरेजात आले. "भाऊ, थंडी असली की टकटक वाजते. तापली की गप्प. आवाज तेवढा बंद करून द्या जी."

पीयूसीचा दाखला आठवड्यापूर्वीचाच होता. कार्बन मोनॉक्साइड १.६ टक्के. इतक्या जुन्या पेट्रोल कारला ३ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे कागदावर गाडी ठणठणीत.

बॉनेट उघडलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडला जिथे बसतो, तिथे काजळीचा फराटा उठला होता. हात जवळ नेला तर गरम फुंकर लागली. डोकं दुखतं का, म्हणून विचारलं. गुरुजी म्हणाले, "बायको तर साकोलीपर्यंत डोकं धरूनच बसते. आम्ही पित्त समजतो."

थंडीमुळे काचा बंद आणि बॉनेटखालचा धूर काचेखालच्या जाळीतून आत. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. मग दाखल्यावर आकडा कमी कसा? धूर झटक्याझटक्याने निघतो. दोन झटक्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सायलेन्सरच्या टोकाला पोचेपर्यंत धूर पातळ होतो. नळी लावतात ती तिथेच. गळकी गाडी पास होते ती अशी.

संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल मारून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पाना लावला. पाव फेरा सैल, जरासा परत आत, पुन्हा तेल. ज्याला इथे घाई, त्याचा स्टड मुळाशी मोडतो. हेड ॲल्युमिनियमचं, त्यात अडकलेला पोलादी तुकडा काढताना आटेच जातात. इतकं जपूनही शेवटचा एक मोडला. मधोमध पंच, बारीक ड्रिल, मग जाड, मग नवे आटे. दुपार त्यातच गेली. मॅनिफोल्डच्या तोंडावर पट्टी धरली तर कडेला उजेड दिसला. तो घासून सपाट करून आणला. नवं पॅकिंग टाकलं. नट पितळेचे घेतले, कारण पितळ पोलादावर गंजून बसत नाही. भंडाऱ्यात पितळेचं कौतुक मी काय सांगावं! मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळले. इंजिन तापवून गार केल्यावर पुन्हा एकदा.

मग तीच तपासणी पुन्हा करवली. ४.१ टक्के! खरा आकडा हा होता. कार्बोरेटर नीट केल्यावर तो २ च्या खाली आला.

आमच्या धंद्यातले कितीतरी जण अशा फटीवर पेस्ट थापून गाडी परत देतात, महिनाभरात ती उडते. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की या कामाचा पूर्ण दिवस मागा, पैसे मागा, पण काम पूर्ण करा.

आणि परिवहन खात्याकडे मागणी आहे. पंधरा वर्षं झालेल्या कारच्या फेरनोंदणीला हजारो रुपये घेता. त्याच वेळी गाडी गार असताना एकदा सुरू करायला लावा, बॉनेट उघडा, फराटा दिसतो का बघा आणि टकटक ऐका. पीयूसीच्या रांगेत इंजिन तापलेलं असतं, लोखंड फुगून फट अर्धवट मिटलेली असते, गळती राहते पण आवाज येत नाही. म्हणून ती टकटक सकाळी, गार इंजिनावरच ऐकायला हवी. दोन मिनिटांचं काम आहे.