टेकडीचं कासव

आमच्या हिने परवा साडेचारशे रुपये मोजून एक पितळी कासव घरी आणलं. मी पडलो बँकेतला क्लार्क, त्यातून कॉमर्सचा पदवीधर. घरात येणारी कुठलीही वस्तू मी आधी नावे टाकतो आणि मग तिच्याकडे बघतो.

"हे कशाला?" मी विचारलं.

"फेंगशुई! उत्तरेला पाण्याच्या वाटीत ठेवायचं. पाठीशी आधार राहतो."

वीस वर्षं पाठीशी मी होतो. त्या जागेवर कासवाची नेमणूक झाली, तीही प्रोबेशनशिवाय! चौकशी केली तर आमच्या सोसायटीतल्या चोवीस बिऱ्हाडांपैकी बावीस घरांत हे महाशय आधीच वाटीत बसलेले. मग मात्र मी चिडलो आणि वाचनालय गाठलं. बँकेच्या माणसाला चीड आली की तो मूळ कागदपत्रं मागतो.

मूळ कागदपत्रं पाहिली आणि, वाचकहो, मी थक्क झालो. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. आपण ज्याला साध्या भाषेत हवापाणी म्हणतो, तेच! या विद्येचा जुना ग्रंथ चौथ्या शतकातल्या क्वो पू नावाच्या पंडिताच्या नावावर सांगतात आणि त्याचा विषय आहे मृताला पुरायची जागा कशी निवडावी. दुकानदाराने ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितलेली दिसत नाही.

पुढे घरं, गावं, राजधान्या यांनाही तोच नियम लागला. दक्षिणेकडे तोंड करून बसा. पाठीशी उत्तरेला उंच डोंगर, तो काळा कासव. डावीकडची डोंगररांग हिरवा ड्रॅगन, उजवीकडची जरा ठेंगणी रांग पांढरा वाघ. समोर मोकळं मैदान, वळण घेत जाणारी नदी आणि पलीकडे एक लहानशी टेकडी, ती लाल पक्षी. थोडक्यात, हात टेकायला दांडे असलेली आरामखुर्ची. उत्तरेचं बोचरं वारं डोंगर अडवणार, दक्षिणेचं ऊन अंगणात येणार, भातशेतीला पाणी हाताशी राहणार. यातलं निम्मं तर आमची आजीसुद्धा सांगत असे, आणि तिने चीन नकाशातही पाहिला नव्हता.

तेव्हा मुद्दा असा, की कासव म्हणजे डोंगर! पितळेचा नव्हे, मातीचा, झाडांचा. तो वाटीत मावत नाही आणि सवलतीच्या दरात मिळत नाही. बीजिंगजवळ मिंग घराण्याच्या तेरा बादशहांच्या कबरी आहेत. तिथे तिन्ही बाजूंना खरे डोंगर आहेत. हाँगकाँगच्या जुन्या खेड्यांच्या पाठीशी फेंगशुईची राई असे. तिच्यातलं झाड तोडलं तर गावाचं नशीब तुटेल, ही भीती. त्या भीतीने कुऱ्हाड थांबली, म्हणून त्यातल्या कित्येक राया आजही उभ्या आहेत आणि उतारावरची माती धरून आहेत. अशी अंधश्रद्धा कुणी हप्त्याने देत असेल तर मी जामीन राहायला तयार आहे.

आमच्या शाखेतले विज्ञाननिष्ठ सहकारी म्हणतील, "म्हणजे तुमचाही विश्वास बसला वाटतं!" छे हो! बीजिंगच्या राजवाड्याचंच बघा. तो १४०६ ते १४२० या काळात बांधला. पाठीशी डोंगर नव्हता, म्हणून खंदक खणताना निघालेल्या मातीचा डोंगर रचला. आधार अगदी शास्त्रशुद्ध! १६४४ साली बंडखोर शहरात शिरले, तेव्हा शेवटच्या मिंग बादशहाने त्याच डोंगरावर गळफास घेतला. राज्य वाचवणं डोंगराच्या कामात बसत नाही. वारा अडवणं, पाणी मुरवणं, माती धरणं एवढंच त्याच्या कामात बसतं, आणि तेवढं तो बिनपगारी करतो.

आमच्या धंद्यातलीही एक कथा आहे. हाँगकाँगमध्ये एका बड्या बँकेची इमारत १९८५ साली उभी राहिली. पुढे १९९० साली जवळच बँक ऑफ चायनाचा टोकदार मनोरा उघडला. त्याच्या धारेचा रोख आपल्यावर येतो, म्हणून पहिल्या बँकेने गच्चीवर तोफेसारख्या दिसणाऱ्या क्रेन बसवल्या, असं सांगतात. तोफा एकीकडे, ठेवीदार दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये क्लार्क! ही फेंगशुईची करमणुकीची शाखा. तिच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो आमच्या बावीस वाट्यांवर. कारण आमच्या सोसायटीच्या पाठीशी, बरोब्बर उत्तरेला, एक टेकडी आहे. खरं म्हणजे अर्धी आहे. अर्धी तीन वर्षांपूर्वी पोकलेनने खाल्ली, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. गेल्या पावसाळ्यात तिचा चिखल पार्किंगमध्ये आला, तेव्हा सेक्रेटरींनी सर्वांना कासव घ्यायला सुचवलं! खरं कासव खुशाल कापू द्यायचं आणि त्याची पितळी प्रतिकृती पाण्यात बुडवून ठेवायची. बँकेत कुणी घर गहाण ठेवायला आला आणि घराऐवजी घराचा फोटो दिला तर आम्ही त्याला चहासुद्धा विचारत नाही. इथे मात्र फोटो तारण घेऊन सगळे निर्धास्त झोपतात.

उरलेली अर्धी टेकडी वाचावी म्हणून मी एक अर्ज लिहिला आणि रविवारी दारोदार फिरलो. चोवीस घरांतून माझ्याखेरीज तीन सह्या मिळाल्या. कासव घ्यायला बावीस, टेकडी राखायला तीन! बाकीच्यांनी "बघू, मीटिंगमध्ये ठरवू" म्हणून आत नेऊन कासव दाखवलं.

घरी आलो. हिने अर्ज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. मग वाटीकडे बघत म्हणाली, "दुकानदार परत घेईल का हो हे?"

मी म्हटलं, "राहू दे. अर्जावर वजन म्हणून ठेवू."