जा आयटीआयला!

परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पन्नाशी ओलांडलेला, सारं आयुष्य भोसरीच्या कारखान्यांत टर्नर म्हणून गेलेलं. त्याने कागदात गुंडाळून आणलेली एक पोलादी पिन माझ्या हातावर ठेवली.

"बाई, मुठीत धरा. थोड्या वेळात ही वाढेल."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याने समजावलं. शंभर मिलिमीटर लांबीचं पोलाद एका अंशाने तापलं की साधारण एक मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने वाढतं. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. याला कधीकधी मुभा असते पाचच मायक्रॉनची! म्हणून मशीनवरून उतरलेला जॉब आधी निवू द्यायचा, मापाच्या खोलीत 20 अंश तापमान राखायचं, मगच माप घ्यायचं.

"पण आता सीएनसी आलं ना? सगळं संगणकच करतो."

"सांगितलं तेवढंच करतो, बाई. टूलची धार गेली की आवाज बदलतो, तो ऐकावा लागतो. पातळ रिंग चकमध्ये जास्त आवळली तर मशीनवर गोल दिसते, सोडली की वाकडी. किती आवळायची हे शेवटी माणसानंच ठरवायचं."

मंडळी, मी गप्प झाले. कारण दहावीत गणितात हा काठावर होता, तेव्हा भर वर्गात मी म्हटलं होतं, "तुझ्याच्याने अभ्यास व्हायचा नाही, जा आयटीआयला!" शिक्षा सुनावल्यासारखं. आणि तो सांगत होता, "साइन म्हणजे काय ते वर्गात नाही कळलं. साइन बारखाली स्लिप गेज रचून कोन लावताना कळलं."

किर्लोस्करवाडी 1910 साली उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. म्हणजे शिकवणारे हात यंत्राला लागले, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आम्ही मास्तर-बाईंनी मात्र पुढे हाताचं काम म्हणजे डोकं नसलेल्यांचं काम, असं पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या मनावर बिंबवलं. माझं स्पष्ट मत आहे, कुशल कामगार मिळत नाहीत या तक्रारीत आमचाही वाटा आहे.

निघताना मी म्हटलं, "चुकलंच रे माझं."

तो पाया पडला आणि हसला. "बाई, गेलो ते बरंच झालं. पण तेव्हा फार लागलं होतं."

तुमच्या घरात दहावीचं पोर असेल, तर आयटीआयचं नाव जरूर काढा. धमकी म्हणून मात्र काढू नका.

पिन अजून माझ्या टेबलावर आहे.