छातीचा फोटो म्हणजे निदान नव्हे

हातात मावणाऱ्या एक्स-रे यंत्राचे कौतुक आता पुरे झाले. २०२५पर्यंत देश क्षयमुक्त करण्याची घोषणा हवेत विरली. तरीही ७ डिसेंबर २०२४ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेपासून सरकार मिरवते आहे ते तपासलेल्या माणसांचे आकडे. त्यांतल्या किती जणांची थुंकी तपासली, हे आधी सांगा!

फोटोत दिसते ती सावली, जंतू नव्हे. ती सावली न्यूमोनियाची असेल, कर्करोगाची असेल किंवा कधीच बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही असेल. उलट एचआयव्हीबाधिताचा फोटो कधी कधी स्वच्छ येतो आणि बेडक्यात जंतू सापडतात. एकाच फोटोवर दोन तज्ज्ञांचे एकमत होईलच असे नाही. जंतू रिफाम्पिसिन या क्षयावरच्या प्रमुख औषधाला दाद देणार की नाही, हे तर कोणताही फोटो सांगू शकत नाही. तरीही केवळ फोटो पाहून सहा महिन्यांची ‘एकेटी’, म्हणजे क्षयाची औषधे, लिहून दिली जाते आणि फोटो स्वच्छ आला की खोकणाऱ्याला घरी धाडले जाते. हा गुन्हाच आहे.

२०१९-२१च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात ४२.६ टक्के रुग्ण केवळ फोटोमुळे हाती लागले, हे खरे. संशयित वेचायला फोटो हवाच. पण त्या रुग्णांवरही शिक्कामोर्तब झाले ते थुंकीनेच.

साताऱ्यातल्या पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली बेल एअर आरोग्यधाम काढले, सांगलीजवळच्या वानलेसवाडीत ख्रिस्ती मिशनने क्षयरुग्णांना आसरा दिला. तेव्हा औषधच नव्हते. आज शेजारच्या गोव्यात तयार होणारे ट्रुनॅट यंत्र काही तासांत जंतू आणि त्याचा रिफाम्पिसिनला असलेला प्रतिकार दोन्ही सांगते. ते बॅटरीवर चालते, प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. मग सातारा-सांगलीच्या फडावर आलेल्या ऊसतोड मजुराने नमुना द्यायला तालुक्याला खेटे का घालायचे? त्याची मजुरी बुडते, हंगाम संपला की टोळी गाव सोडते आणि कागदावरचा ‘संशयित’ कुणालाच सापडत नाही. क्षयरुग्णाच्या आहारासाठीचे निक्षय पोषण योजनेचे महिना हजार रुपये मिळतात ते निदान झाल्यावर.

दोन्ही जिल्ह्यांच्या क्षयरोग अधिकाऱ्यांनी ज्याच्या फोटोत सावली दिसेल त्याची थुंकी त्याच दिवशी, त्याच जागी घ्यावी. फोटो स्वच्छ असूनही दोन आठवडे खोकणाऱ्यालाही त्यातून वगळू नये.