पुराच्या रात्री बिनतारी संच बोलेल, ऐकणार कोण?

प्रतिनिधी, भंडारा

वैनगंगेला पूर आला की साऱ्या जिल्ह्याचे लक्ष कारध्याकडे लागते. येथील पुलाजवळ पाण्याने २४५.५० मीटरची पातळी ओलांडली, की धोक्याचा इशारा दिला जातो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला आणि भंडारा शहराचा सखल भाग व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पूर्वसूचना व समन्वय यांवरून तेव्हा बरीच चर्चा झाली. मात्र संदेशवहनाच्या अखेरच्या दुव्याकडे, म्हणजे अंधारात नाव घेऊन निघालेले पथक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील संपर्काकडे, फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

मोबाइल मनोरा व वीज यांवर अवलंबून असतो. वॉकीटॉकी थेट दुसऱ्या संचाशी बोलू शकतो, म्हणूनच आपत्तीत त्याला पर्याय नाही. मात्र संच हाती असणे आणि संपर्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टोनचा पेच

एकाच रेडिओलहरीवर अनेक गट बोलत असल्यास गोंगाट टाळण्यासाठी आवाजासोबत एक मंद टोन पाठविला जातो. त्याची कंपने साधारण ६७ ते २५४ हर्ट्झ असतात. श्रोत्याला तो जाणवत नाही. ठरलेला टोन मिळाला तरच समोरच्या संचाचा स्पीकर खुला होतो. याने गुप्तता मिळते, हा समज चुकीचा आहे. टोनची सोय बंद असलेल्या संचावर सारे संभाषण ऐकू येते.

खरा धोका उलट बाजूने आहे. मोठ्या पुरात नागपूरहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची व बाहेरून अन्य पथके येतात. त्यांच्या संचात स्थानिक टोन भरलेला नसेल, तर मदतीची हाक लहरीवरून जाईल, पण कक्षातील स्पीकर मुकाच राहील. शिवाय, दुसरा बोलत असल्याचे न कळल्याने एकाच वेळी दोघे बोलतात आणि संदेश वाया जातो.

लाल बटण पुरेसे नाही

अनेक संचांवर आणीबाणीचे बटण असते. ते दाबताच संचाचा क्रमांक व धोक्याचा संकेत कक्षाकडे जातो. काही संचांत मायक्रोफोनही ठरावीक काळ आपोआप सुरू राहतो. बोलण्याची उसंत नसलेल्या जवानासाठी ही सोय मोलाची आहे. परंतु ती आधी संचात भरून ठेवावी लागते. कक्षातील यंत्रणा तो संकेत ओळखणारी हवी आणि तो क्रमांक कोणत्या नावेवर, कोणाच्या हाती आहे याची नोंदही हवी. अन्यथा ते बटण केवळ शोभेचे ठरते.

उपाय खर्चिक नाहीत. सर्व पथकांसाठी एक सामाईक वाहिनी ठेवावी आणि कक्षातील संचावर ती टोनच्या अटीविना ऐकली जावी. संचांचे क्रमांक व ते कोणाकडे आहेत, याची यादी अद्ययावत असावी. संकेत आल्यावर पोच कोणी द्यायची, हेही निश्चित असावे. पावसाळ्यापूर्वीच्या रंगीत तालमीत नावा व दोर तपासले जातात. तेथेच प्रत्येक संचाचे बटण दाबून पाहिले जावे. कारध्याची पातळी वाढू लागल्यावर ही तपासणी करण्यास वेळ उरत नाही.