चौथा प्रश्न आधीच विचारा

साठी ओलांडलेल्या माणसाला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, की घरात तीन प्रश्नांची चर्चा होते. रोग किती पसरला? खर्च किती येईल? उपचार कुठे घ्यायचे? चौथा प्रश्न रुग्णाच्या मनातच राहतो. उपचारानंतर पती-पत्नीच्या शरीरसंबंधांचे काय? मुलगा आणि जावई शेजारी उभे असताना तो हे विचारणार तरी कसा? धीर करून विचारलेच, तर ‘आता या वयात काय करायचंय?’ असे उत्तर मिळण्याची भीती. आमच्या मते हे उत्तर चुकीचे आहे. हा प्रश्न डॉक्टरांनीच आधी काढला पाहिजे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा तिच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. कर्करोगासाठी पूर्ण ग्रंथी काढताना त्यांना इजा होऊ शकते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये या नसा वाचवणारी शस्त्रक्रिया केली. पण रोग नसांपर्यंत पोचला असेल, तर त्या वाचवता येत नाहीत. वाचवल्या तरी ताठरता परत यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. काहींना ती पूर्वीसारखी येतच नाही. वीर्य बाहेर येणे कायमचे थांबते, मात्र सुखाची संवेदना राहू शकते. किरणोपचारांत हा त्रास लगेच दिसत नाही, पुढच्या काही वर्षांत हळूहळू वाढतो.

हार्मोनच्या उपचारांची गोष्ट वेगळी. वृषणांत तयार होणारे पुरुषी हार्मोन या कर्करोगाला खतपाणी घालते, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे हार्मोन बंद करण्यासाठी ठराविक काळाने इंजेक्शने देतात किंवा वृषण काढतात. एकदाच खर्च येतो म्हणून गरीब रुग्ण दुसरा मार्ग पत्करतात. यात इच्छाच ओसरते, अंगातून गरम वाफा येतात, मन खिन्न होते. बायकोला वाटते, यांचे माझ्यावरचे मन उडाले. नवऱ्याला वाटते, आपण पुरुषच राहिलो नाही. वास्तविक हा उपचारांचा परिणाम असतो. पण कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून दोघे एकाच घरात परक्यासारखे राहतात.

आधी सांगितले तर रुग्ण घाबरून उपचारच सोडेल, असे काही डॉक्टरांना वाटते. आम्हाला उलट वाटते. न सांगता झालेल्या गोष्टीने माणूस जास्त खचतो आणि पुढच्या तपासण्यांना येईनासा होतो. शिवाय ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगात विचाराला वेळ असतो. ब्रिटनमध्ये अशा १,६४३ रुग्णांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख यांपैकी एक मार्ग दिला होता. सुमारे १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मिळून जेमतेम तीन टक्के रुग्ण या कर्करोगाने दगावले होते. पसरलेल्या रोगात मात्र उपचार लांबवू नयेत.

त्रास झालाच तर उपायही आहेत: गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन आणि शेवटी कृत्रिम रोपण. मात्र या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी, उदाहरणार्थ छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची, चालू असेल, तर दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. भिंतींवर जाहिराती करणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’च्या नादी तर मुळीच लागू नये.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी इतर नातेवाइकांना जरा बाहेर बसवावे आणि पती-पत्नीने मिळून डॉक्टरांना विचारावे: माझ्या नसा वाचतील का? इच्छा राहील का? त्रास झाला तर पुढे काय करायचे? तोंडाने विचारणे जड जात असेल, तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. डॉक्टरांनीही या तीन प्रश्नांसाठी दहा मिनिटे काढावीत. वय झाले म्हणून संसार संपत नाही.