प्रोबायोटिकची पुडी आणि दूध तुटलेले पिल्लू

डुकरिणीपासून पिल्ले वेगळी केल्यानंतरचे पहिले दोन आठवडे वराहपालकाच्या कसोटीचे असतात. दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा आधार तुटतो, पिल्लाच्या जठरात स्वतःचे आम्ल अद्याप पुरेसे तयार होत नाही, खाणे मंदावते आणि आतड्यातील रसांकुर आखूड होतात. अशा वेळी ई. कोलाय जिवाणूंना पाय रोवण्यास जागा मिळते व हगवण लागते. त्यावर खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविक देत राहणे हा अनेक वर्षे सोपा मार्ग ठरला. तो बंद झालाच पाहिजे.

कोलिस्टिनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरे, मांस व रुग्ण यांतून मिळालेल्या जिवाणूंत या औषधास दाद न देणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक नोंदविले. माणसावर इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर वापरावयाचे हे औषध असल्याने भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्योत्पादक प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

मात्र प्रतिजैविकाच्या जागी प्रोबायोटिकची पुडी ठेवली की काम झाले, हा समज तितकाच चुकीचा आहे. डेन्मार्कने १९९९ अखेर लहान पिल्लांच्या खाद्यातील वाढवर्धक प्रतिजैविके थांबविली, तेव्हा हगवणीवरील उपचार काही काळ वाढले होते. स्वच्छता, खाद्याची रचना व दूध तोडण्याचे वय यांकडे लक्ष दिल्यावरच घडी बसली. आपल्याकडे परसातील पालनात, पौष्टिक खाद्य व उबदार जागा नसताना, अठ्ठाविसाव्या दिवशी दूध तोडण्याची घाई कशासाठी? सहा ते आठ आठवडे थांबणे हाच तेथे स्वस्त उपाय आहे. जन्मानंतर पहिल्या काही तासांत मिळणाऱ्या चिकाची बरोबरी तर कोणतीही पुडी करू शकत नाही.

प्रोबायोटिक उपयुक्त आहे, पण ते सजीव आहे, ही गोष्ट सल्ला देताना वारंवार विसरली जाते. देशातील सर्वाधिक डुकरे आसामात आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार ती सुमारे २१ लाख भरली. ईशान्येत भाताचा कोंडा, अळूची पाने, रताळ्याचे वेल व घरातील उरलेसुरले शिजवून देण्याची रीत आहे. त्या उकळत्या भांड्यात लॅक्टोबॅसिलस टाकणे म्हणजे पैसे चुलीत घालणे होय. खाद्य कोमट झाल्यावरच ते मिसळावे. बॅसिलसचे बीजाणू उष्णता बऱ्याच अंशी सोसतात, म्हणून गोळी खाद्यात त्यांना पसंती दिली जाते. वेष्टनावर जिवाणूचे नाव, प्रतिग्रॅम जिवंत संख्या व मुदत छापलेली नसेल, तर विस्तार कार्यकर्त्याने त्या उत्पादनाची शिफारस करू नये. रक्तमिश्रित हगवण किंवा ताप असल्यास पुडीवर विसंबून न राहता पशुवैद्यकास बोलवावे. उपचारार्थ दिलेले प्रतिजैविक प्रोबायोटिकमधील जिवाणूही मारू शकते, हे त्यांच्याशी बोलूनच वेळापत्रक ठरवावे.

प्रगतिशील पालकाने एक प्रयोग अवश्य करावा. एकाच वेतातील पिल्लांचे समान वजनाचे दोन गट वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत, कारण विष्ठेतून जिवाणू एका गटातून दुसऱ्यात जातात. दूध तोडण्याच्या आठवडाभर आधीपासून एकाच गटास प्रोबायोटिक द्यावे, हगवणीचे दिवस मोजावेत आणि दूध तोडल्यानंतर चौदाव्या दिवशी दोन्ही गट वजनकाट्यावर घ्यावेत. दोनचार वेतांत फरक दिसला नाही, तर तो खर्च थांबवून पैसा कोरड्या, उबदार फरशीवर लावावा.